तिघे एकमेकांचं ऐकतात ते ऐकताना: फ्री जॅझ ट्रायोची लाइव्ह रेकॉर्डिंग कशी ऐकावीत

सॅक्सोफोनवादक अल्बर्ट आयलरच्या ट्रायोचं 'प्रॉफसी' मी पहिल्यांदा लावलं आणि चौथ्या मिनिटाला बंद केलं. सॅक्सोफोन हुंदके दिल्यासारखा थरथरत होता, मागे झांजांची सळसळ थांबतच नव्हती आणि बेस, म्हणजे खर्जातलं ते थोरलं तंतुवाद्य, कुठेतरी खाली घरंगळत होता. तिघे एका खोलीत वाजवताहेत एवढंच कळत होतं, एकत्र वाजवताहेत असं मुळीच वाटत नव्हतं. आज तेच रेकॉर्डिंग मी पुन्हा पुन्हा लावतो. मधल्या काळात एवढंच झालं, की कान कुठे लावायचा ते उमगलं. ते कुणी आधी सांगितलं असतं तर माझी दोन-तीन वर्षं वाचली असती, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

आधी थोडी ओळख. एरवीच्या जॅझमध्ये सुरुवातीला एक धून वाजते, मग त्या धुनेखाली असलेल्या कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या, आवर्तनांवर एकेक जण सोलो वाजवतो आणि शेवटी धून परत येते. १९५० च्या दशकाच्या अखेरीला आणि पुढच्या दशकात काही वादकांनी ही आवर्तनं सोडली. काहींनी ठरलेली लयही सोडली. काही जण तर धूनही न ठरवता मंचावर बसू लागले. या सगळ्याला मिळून फ्री जॅझ म्हणतात. त्यामुळे हातातलं रेकॉर्डिंग यातलं कोणतं, ते आधी माहीत करून घ्या. धून असेल तर ती लक्षात ठेवावी, पुढे तिचे तुकडे सापडत राहतात. नसेल तर तिची वाट बघत बसू नये. समेवर यायची सवय असलेल्या कानाला याचाच सगळ्यात जास्त त्रास होतो. इथे सम ठरलेली नाही. तिघे एका जागी येतात जरूर, पण ती जागा कोणती हे वाजवता वाजवताच ठरतं.

मग ट्रायोच का? कारण तिघांत प्रत्येक आवाजाला मालक असतो. पाच-सहा जण एकदम वाजवू लागले की नवख्या कानाला कोण काय करतंय ते वेगळं काढता येत नाही. दोघांत सवाल-जवाबापलीकडे सहसा फार वाटा नसतात. तिघांत मात्र एकाला गप्प बसायची मुभा असते, दोघांना एकत्र येऊन तिसऱ्याला एकटं पाडता येतं, आणि तिसऱ्याला ते मानायचं की नाही हे ठरवता येतं. आणि लाइव्ह का, तर मैफिलीत घडलेलं मागे घेता येत नाही. एखादा रस्ता चुकला तर त्याच रस्त्याने पुढे जाऊन तो बरोबर करून दाखवावा लागतो. ते ऐकण्यातच खरी मजा आहे.

आधी रेकॉर्डिंग निवडा

सुरुवात सगळ्यात टोकाच्या संगीतापासून करू नका. माझी पहिली शिफारस ऑर्नेट कोलमनची: 'ॲट द गोल्डन सर्कल, स्टॉकहोम', भाग पहिला. १९६५ च्या डिसेंबरात, ३ आणि ४ तारखेला स्टॉकहोममधल्या त्या क्लबात हे मुद्रित झालं. कोलमन ऑल्टो सॅक्सोफोनवर, डेव्हिड आयझेन्झन डबल बेसवर, चार्ल्स मॉफेट ड्रमवर. इथे धून आहे, आणि बराच वेळ पाय हलेल अशी लयही आहे. सुटलंय ते कॉर्डचं आवर्तन. पायाखाली जमीन आहे, पण रस्ता कुणी आखलेला नाही. त्यातल्या 'युरोपियन एकोज'ची धून वॉल्ट्झच्या, म्हणजे तीन-तीन मात्रांच्या, चालीतली आणि इतकी साधी आहे की एकदा ऐकून गुणगुणता येते. तिथूनच सुरू करा.

किंचाळणाऱ्या वाद्यांचा धसका वाटत असेल तर जिमी जुफ्रीचा ट्रायो घ्या. जुफ्रीचं क्लॅरिनेट, पॉल ब्लेचा पियानो आणि स्टीव्ह स्वॉलोचा बेस. ड्रम नाहीतच. १९६१ च्या नोव्हेंबरात जर्मनीत, श्टुटगार्ट आणि ब्रेमेन इथे झालेल्या त्यांच्या मैफिली ऐकायला मिळतात. हळू आवाजात बोलणाऱ्या माणसांजवळ आपण आपसूक सरकून बसतो, तसं हे संगीत जवळ ओढतं. त्या काळी त्याला श्रोतेच मिळाले नाहीत. न्यूयॉर्कमधल्या एका कॉफीहाउसात वाजवल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला ३५ सेंट आले आणि तिघांनी थांबायचं ठरवलं, असं सांगतात. ती जर्मनीतली मुद्रणं लोकांपर्यंत पोचायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. मला ती ऐकताना दर वेळी हे आठवतं.

तिसरा पर्याय ऑस्ट्रेलियाचा द नेक्स हा ट्रायो. ख्रिस अब्राहम्स पियानोवर, लॉइड स्वॉन्टन बेसवर, टोनी बक ड्रमवर. १९८७ मध्ये सिडनीत हे तिघे एकत्र आले. मंचावर बसताना त्यांचं काहीच ठरलेलं नसतं, सुरुवात कोण करणार हेसुद्धा. कुणीतरी एक जण एखादी छोटी गोष्ट वाजवू लागतो, बाकीचे दोघे आपापल्या वेळाने येतात, आणि एकच तुकडा पाऊण-एक तास हळूहळू रंग बदलत जातो. 'टाउन्सव्हिल' हा त्यांचा अख्खा अल्बम म्हणजे एका मैफिलीतला असा एकच तुकडा आहे. घाई नसेल त्याच्यासाठी हा उत्तम.

पियानोवादक सेसिल टेलर आणि सॅक्सोफोनवादक पीटर ब्रॉट्झमन या टोकाच्या मंडळींकडे जरूर जा, पण महिनाभराने.

ऐकण्याची तयारी

या भागाकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात आणि मग संगीताला नावं ठेवतात. डबल बेसची सगळ्यात खालची मोकळी तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते. फोनच्या स्पीकरमधून तो मूळ स्वर निघतच नाही, फार तर त्याच्या वरच्या छटा ऐकू येतात. म्हणजे लावला ट्रायो आणि ऐकला ड्युओ, तोही नेमका आधार काढून घेतलेला. बरे हेडफोन किंवा थोडा दम असलेले स्पीकर हवेतच. महागडे नसले तरी चालतील. बेसच्या तारेवर बोट पडल्याचा 'ठप्' ऐकू आला की झालं.

ॲपवर ऐकत असाल तर शफल बंद करा आणि एक तुकडा दुसऱ्यात मिसळणारं क्रॉसफेडही बंद करा. मैफिलीतले तुकडे अनेकदा न थांबता एकमेकांत शिरलेले असतात. त्यांच्यामध्ये पोकळी आली किंवा एकावर दुसरा चढला, तर वादकांनी जपून बांधलेला सांधाच तुटतो. आवाज एकदा ठरवा आणि मग हात काढून घ्या. हळू जागा आली की आवाज वाढवायचा, मोठी आली की कमी करायचा, हा चाळा सोडा. ती चढउतार त्यांनी केलेली आहे.

जुन्या रेकॉर्डिंगमध्ये बेस दबलेला असेल किंवा झांजा सगळ्यांवर कुरघोडी करत असतील, तर दोष लगेच वादकाला देऊ नका. आपण मायक्रोफोनच्या जागेवरून ऐकत असतो. 'प्रॉफसी' ही १४ जून १९६४ ची न्यूयॉर्कच्या सेलर कॅफेतली मैफिल पॉल हेन्स या कवीने टेपवर उतरवून घेतली होती. लिथुआनियातल्या गानेलिन ट्रायोच्या पूर्व जर्मनीतल्या मैफिलीची टेप तर चोरून पश्चिमेत आणावी लागली. लंडनच्या लिओ रेकॉर्ड्सने ती काढली तेव्हा, या टेपच्या प्रकाशनाची जबाबदारी वादकांवर नाही, असं मुद्दाम छापलं होतं. सोव्हिएत राजवटीत त्यांना त्रास होऊ नये म्हणून. अशी टेप ऐकताना आवाज थोडा धुरकट असला तर असू द्यावा.

पहिली खेप: नुसतं ऐका

एकच तुकडा निवडा, दहा ते पंधरा मिनिटांचा. तो चार-पाच वेळा ऐकायचा आहे, त्यामुळे पहिल्या खेपेला काहीही समजायची सक्ती नाही. फोन दूर ठेवा, कागद जवळ ठेवा. तीनच नोंदी करा: सगळ्यात दाट कुठे झालं, सगळ्यात विरळ कुठे झालं, आणि आपलं लक्ष कुठे उडालं. तिसरी नोंद प्रामाणिकपणे करा. माझा अनुभव असा की जिथे लक्ष उडतं, तिथे पुष्कळदा दिशा बदलत असते. आधीचं संपलेलं असतं, पुढचं अजून दिसत नसतं आणि ते तिघेही चाचपडत असतात. पुढच्या खेपेला नेमकी तीच जागा सगळ्यात रंगते.

कंटाळा आला तर थांबा. पंधरा मिनिटं मन लावून ऐकलेलं हे तास-दीड तास कानावरून गेलेल्यापेक्षा खूप बरं.

दुसरी खेप: बेस धरा

सॅक्सोफोन आपोआप ऐकू येतो, त्याच्यासाठी कष्ट लागत नाहीत. म्हणून दुसऱ्या खेपेला मुद्दाम बेसच्या मागे लागा. युक्ती अशी, की विरळ जागेपासून सुरू करायचं. तिथे बेस स्पष्ट असतो. तिथे त्याचं बोट धरायचं आणि बाकीचे दोघे आले तरी सोडायचं नाही. पहिल्यांदा वीस-पंचवीस सेकंदांत हातातून सुटेल. मागे जा, पुन्हा धरा.

काय ऐकायचं? बोटांनी वाजवतोय की गज घेतलाय, हे पहिलं. आयझेन्झन गज घेऊन वाजवण्यात वाकबगार होता. गजाचा लांबलेला स्वर सुरू झाला की बेसची जागाच बदलते, तो सॅक्सोफोनच्या शेजारी जाऊन दुसरा गाणारा आवाज होतो. दुसरं, तो पावलं टाकतोय की धावतोय. पारंपरिक जॅझमध्ये बेस प्रत्येक मात्रेला एक स्वर देत चालत राहतो. आयलरबरोबरचा गॅरी पीकॉक असा चालत नाही. तो झपकन स्वरांचा पुंजका सोडतो, थांबतो, पुन्हा सोडतो. तिसरं, एखाद्या स्वरावर तो हटून बसलाय का. बेस एकच स्वर धरून बसला की बाकीच्या दोघांना कितीही लांब जाता येतं, आणि तो स्वर सोडला की दोघांनाही काहीतरी ठरवावं लागतं. तो स्वर सुटण्याचा क्षण पकडा, आणि पुढच्या पाच सेकंदांत सॅक्सोफोनचं काय होतं ते ऐका.

काही ट्रायोंत बेसच नसतो. कोपनहेगनच्या कॅफे मोंमार्त्रमध्ये नोव्हेंबर १९६२ मध्ये वाजवलेला सेसिल टेलरचा ट्रायो म्हणजे पियानो, जिमी लायन्सचा ऑल्टो सॅक्सोफोन आणि सनी मरेचे ड्रम. अलेक्झांडर फॉन श्लिपेनबाखच्या ट्रायोतही पियानो, एव्हन पार्करचा सॅक्सोफोन आणि पॉल लोव्हेन्सचे ड्रम होते. अशा वेळी ही खेप पियानोच्या डाव्या हातासाठी ठेवा.

तिसरी खेप: ड्रम, पण ठेका न शोधता

ठेका शोधलात तर हमखास निराश व्हाल. सनी मरेने आयलर आणि टेलरबरोबर वाजवताना मात्रा मोजून देणं जवळजवळ सोडूनच दिलं होतं. त्याच्या झांजा किनाऱ्यावर लाट फुटावी तशा सतत वाजत राहतात, आणि लाटेसारख्याच चढतात-उतरतात. तेव्हा मोजू नका. लाट कुठे चढली आणि कुठे ओसरली, तेवढंच बोटाने हवेत काढत जा. दोन-तीन मिनिटं असं केलंत की लक्षात येईल, सॅक्सोफोनचा श्वास आणि ही लाट यांचं काहीतरी नातं आहे. कधी दोघं एकत्र चढतात, कधी सॅक्सोफोनने श्वास घ्यायला तोंड काढलं की नेमकी तेव्हा लाट फुटते.

मग आवाज कशाचा आहे ते ओळखा: धातू, चामडं की लाकूड. झांजेवर काठी पडली, झांजेच्या घुमटावर पडली, की ड्रमच्या कडेवर? नावं माहीत नसली तरी अडत नाही. ड्रमवाला धातूवरून चामड्यावर आला की सगळ्या ट्रायोचा रंग पालटतो.

चौथी खेप: आता सॅक्सोफोन किंवा पियानो

इतका वेळ मागे ठेवलेल्या वाद्याकडे आता वळा. ओरडणं, चिरका आवाज, घरघर हे सगळं राग म्हणून ऐकायची सवय आपल्याला असते. थोडं जवळून ऐका. सॅक्सोफोनमध्ये फुंकर जोरात दिली की मूळ स्वराच्या वरचे स्वर उसळून येतात. बोटांची जागा आणि ओठांचा दाब बदलून एकाच वेळी दोन-तीन स्वर काढता येतात. वाजवता वाजवता घशातून गुणगुणलं की आवाज खरखरीत होतो. प्रत्येक आवाजामागे असं नेमकं तंत्र असतं आणि त्यावर वर्षानुवर्षांची मेहनत असते. एव्हन पार्कर सोप्रानो सॅक्सोफोनवर मिनिटेच्या मिनिटे न थांबता वाजवतो, ते गालांत हवा साठवून आणि त्याच वेळी नाकाने श्वास आत घेऊन. बॅरी गायचा बेस आणि पॉल लिटनचे ड्रम यांच्याबरोबरची १९९६ ची त्याची 'ॲट द व्होर्टेक्स' ही लंडनमधली मैफिल ऐकाल तेव्हा हे मनात ठेवा.

इथे एक सोपा मार्ग दाखवतो. सॅम रिव्हर्सचं 'स्ट्रीम्स' घ्या, १९७३ च्या माँत्रो महोत्सवातलं. बेसवर सेसिल मॅकबी, ड्रमवर नॉर्मन कॉनर्स. सलग वाजवलेली एकच मोठी रचना, पण रिव्हर्स मध्येच वाद्यं बदलतो: टेनर सॅक्सोफोन, बासरी, पियानो, सोप्रानो. प्रत्येक बदलाला बाकीच्या दोघांना आपला आवाज नव्याने बसवावा लागतो. बासरी आली आणि ड्रम हळू झाले नाहीत, तर बासरी बुडेल. नवख्याला मैलाचे दगड आयते मिळतात.

पाचवी खेप: मधली जागा

आता कुणा एकाला धरू नका. एक प्रश्न घेऊन बसा: या क्षणी कोण कुणाचं ऐकतंय?

एकाने काहीतरी केलं की दुसऱ्यासमोर साधारण चार वाटा असतात. तेच उचलायचं, उलटं करायचं, आपलं आहे ते चालू ठेवायचं, किंवा गप्प व्हायचं. माझ्या मते तिसरी वाट सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कमी ओळखली जाणारी आहे. सॅक्सोफोनने झपाट्याने वर धाव घेतली की नवखा ड्रमवाला लगेच त्याच्यामागे पळतो. अनुभवी ड्रमवाला कधीकधी जागचा हलत नाही. तो हलला नाही म्हणून सॅक्सोफोनची उडी किती उंच होती ते आपल्याला कळतं. 'हे तर एकमेकांचं ऐकतच नाहीत' असं पहिल्या खेपेला वाटलेल्या जागा पुन्हा काढा. त्यातल्या निम्म्या तरी अशा निघतील.

गप्प होणंही नीट ऐका. वाद्य थांबल्याचं लगेच कळत नाही, थोड्या वेळाने जाणवतं की खोली मोकळी झाली आहे. मागे जाऊन तो कधी थांबला ते शोधा, आणि मग तो परत कशासाठी आला तेही शोधा. मी कागदावर तीन आडव्या रेघा मारतो, एकेका वाद्याला एक. वाद्य वाजतं तोवर रेघ चालू, थांबलं की तुटली. पंधरा मिनिटांच्या तुकड्याचा असा कागद बघितला की काहीच ठरवलं नव्हतं यावर विश्वास बसत नाही.

दोन रेकॉर्डिंग शेजारी ठेवून

हे जमू लागलं की आयलरकडे या. 'प्रॉफसी' १४ जून १९६४ चं. 'स्पिरिच्युअल युनिटी' हे त्याच तिघांचं, म्हणजे आयलर, पीकॉक आणि मरे यांचं, स्टुडिओतलं रेकॉर्डिंग १० जुलै १९६४ चं. मध्ये चार आठवडेही गेले नाहीत. दोन्हींत 'घोस्ट्स' आहे, तेही दोन-दोनदा. पोरांच्या गाण्यासारखी ती धून आधी पाठ करा. मग चारही वेळा धून संपल्यावरचं पहिलं मिनिट तेवढं ऐका. दारातून बाहेर पडताना प्रत्येक वेळी पहिलं पाऊल कोण टाकतं, बेस कुठे असतो, झांजांची लाट कधी सुरू होते. एकच धून, तेच तिघे, तरी दर वेळी बाहेर पडणं वेगळं.

याच पीकॉकला पुढे जुलै २००० मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये ऐका, पियानोवर कीथ जॅरेट आणि ड्रमवर जॅक डिजॉनेट यांच्याबरोबर, 'इनसाइड आउट'वर. हा ट्रायो जुनी लोकप्रिय गाणी वाजवण्यासाठी नावाजलेला, पण इथे ते जवळपास सगळा वेळ काहीही न ठरवता वाजवतात आणि शेवटी एक जुनं प्रेमगीत येतं. ते गाणं आधी ऐकू नका, त्याच्या जागी पोचल्यावरच ऐका. तासाभराच्या मोकळ्या वादनानंतर त्या ओळखीच्या सुरांतही तिघे तितक्याच सावधपणे एकमेकांचा कानोसा घेताना ऐकू येतात. जॅरेट वाजवताना गुणगुणतो, त्याने बिचकू नका.

शेवट कसा ऐकायचा

'असं तर कुणीही वाजवेल' ही शंका मनात असेलच. माझ्याही मनात होती. ती गेली शेवट ऐकून. सुरुवात कुणीही करू शकतो, पण धून नाही, मात्रा मोजलेल्या नाहीत, खूण करायला कुणी समोर उभा नाही, आणि तरी तिघे एका क्षणी थांबतात. हे कसं होतं ते ऐकायचं असेल तर शेवटची तीन-चार मिनिटं पुन्हा पुन्हा लावा, आणि स्क्रीनवरचा वेळेचा आकडा हाताने झाका. तो दिसत असेल तर आपल्याला आधीच कळलेलं असतं की संपत आलं. त्या तिघांना ते माहीत नव्हतं.

शेवट कुठे आहे याचा अंदाज बांधा. बेस एखाद्या स्वरावर परत परत येऊ लागतो. ड्रमवाला चामडं सोडून धातूकडे जातो, मग एकाच झांजेवर येतो. सॅक्सोफोनचे श्वास लांबतात, वाक्यं तुटक होतात. वाटतं, झालं. आणि तेवढ्यात बेस एक नवी गोष्ट काढतो. आता दोघांना ठरवावं लागतं, की ही शेवटची ओळ समजायची की नव्या पानाची पहिली. कधी दोघे थांबलेलेच राहतात आणि बेस एकटा चार पावलं चालून निवतो. कधी ड्रमवाला परत उठतो आणि आपल्याला आणखी सात मिनिटं मिळतात. अंदाज चुकला की तो का चुकला ते मागे जाऊन ऐका.

आणि शेवटचा आवाज विरला की लगेच पुढचं लावू नका. चांगल्या लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये शेवटचा स्वर आणि पहिली टाळी यांच्यामध्ये थोडी शांतता असते. कधी एक सेकंद, कधी तीन-चार. झांज अजून बारीक थरथरत असते, एखादी खुर्ची करकरते. तिघांपैकी कुणीही हात अजून उचललेला नसतो, कारण संपलं की नाही हे बाकीच्या दोघांकडून कळायचं असतं. पहिली टाळी पडेपर्यंत तुम्हीही थांबा.